घाट आणि समुद्र एकाच सहलीत बसवून देणाऱ्या कुडाळच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे. आपल्याला फोनवर धन्यवाद म्हटले की आपण ‘त्यात काय एवढे’ म्हणून लगेच पाऊसपाण्याच्या गप्पांकडे वळता, त्यामुळे आमचे आभार मानायचे राहूनच जातात. शिवाय आपण दिलेली माहिती आमच्यासारख्या घाटमाथ्याच्याही पलीकडे राहणाऱ्या, सोलापूर-लातूरकडच्या अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटते. नाव लिहू नये ही आपली अट पाळली आहे. निवृत्त होईपर्यंत आपण एसटीत वाहतूक नियंत्रक होता, एवढेच सांगतो, कारण आपल्या सल्ल्याची शिस्त तिथूनच आली असावी.

आमच्या घरात तीन पिढ्यांची सहल ठरत होती. आईला गुडघ्यांमुळे फार चढउतार जमत नाही, वडिलांना किल्ला पाहायचा होता, आणि मुलांना धबधबा, समुद्र व बोट हे सगळे एकाच वेळी हवे होते. एका यात्रा कंपनीचे पत्रक आमच्या हाती आले होते. त्यात विजयदुर्ग, कुणकेश्वर, सिंधुदुर्ग आणि रेडीचा गणपती अशी सगळी नावे एकाच दिवसात बसवली होती. ते मी आपल्याला वाचून दाखवले तेव्हा आपण शांतपणे म्हणालात, “विजयदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि रेडी दक्षिण टोकाला. तुम्ही दिवसभर गाडीच बघणार.” त्यानंतर काय पाहायचे हे विचारण्याआधी आपण कोणत्या महिन्यात येणार, हे विचारलेत. संपूर्ण बेत त्या एका प्रश्नाने बदलला.

आंबोलीचे धबधबे भरात असतात तेव्हा, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्यामुळे ताटातही हवी ती मासळी येत नाही, हे आपण स्पष्ट केलेत. त्यामुळे डोंगराचा पाऊस आणि किनाऱ्याचे ऊन यांपैकी एकाची निवड करणे भाग होते. मुलांची समजूत काढण्याचे काम आपण आमच्यावर सोपवलेत खरे. परंतु त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सुचवून ते सोपेही केलेत. पाऊस सरलेला, डोंगर अजून हिरवे, दिवाळीची गर्दी ओसरलेली, होड्या सुरू, आणि गावोगावच्या देवळांत दहीकाल्यांना, म्हणजे जत्रांतल्या दशावतारी नाटकांना, सुरुवात झालेली, असा तो काळ आहे.

आधी घाट आणि मग समुद्र, हा क्रमही आपलाच. कोल्हापूरहून आजरामार्गे येणाऱ्याला आंबोली वाटेतच लागते, तेव्हा आधी किनाऱ्यावर उतरून पुन्हा घाट चढण्यात अर्थ नाही. शिवाय प्रवासाने दमलेल्या वडीलधाऱ्यांना पहिली रात्र थंड हवेत मिळाली की पुढच्या दमट हवेचा त्रास कमी होतो, असे आपले म्हणणे होते. ते आमच्या आईच्या बाबतीत तंतोतंत खरे ठरले. घाट उतरताना दुपारनंतरच्या धुक्यात सापडू नका, सकाळचे ऊन पडले की निघा आणि सुमारे ३० किलोमीटरवरच्या सावंतवाडीत जेवायला थांबा, हेही आपण सांगून ठेवले होते. चितार आळीतली लाकडी फळे आणि राजवाड्यात तयार होणारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहण्यात आमची अख्खी दुपार गेली. आपण तिथे ‘तासभर’ लिहिले होते. एवढ्या एका ठिकाणी आपला अंदाज चुकला.

आंबोलीतल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाबद्दल आपण जे सांगितलेत त्यासाठी मात्र वेगळे आभार मानायला हवेत. तिथल्या देवळाजवळच्या कुंडात पाय बुडवायचे नाहीत, अशी ताकीद आपण मुलांना फोनवरूनच दिलीत आणि कारणही सांगितलेत. त्या पाण्यात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या लहानशा माशाची नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कारण कळल्यामुळे मुलांनी स्वतःच इतरांना अडवायला सुरुवात केली, आणि त्यातून थोडी वादावादीही झाली. वडिलांना अधिक भावले ते नदीचे वळण. समुद्र इतका जवळ असताना ही नदी पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेतून कृष्णेला मिळते, आणि आमच्या भीमेचे पाणीही शेवटी कृष्णेतच जाते. सोलापूरच्या माणसाला आंबोलीशी नाते सांगायला एवढे पुरे आहे.

किनाऱ्यावरचा बेत आपण भरती-ओहोटीवर बेतला होता. तिथीचा अंक घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती आणि तिच्यापासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी, हा हिशेब आपण शिकवलात. चतुर्थीला तीन वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आमच्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाचे वेळापत्रक तयार केले आणि काठावर रोज ते पडताळून पाहिले. थोड्याफार फरकाने ते जुळत गेले. पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटीचे पाणी खूप आत गेले होते, तेव्हा आम्ही तरुण मंडळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पद्मगड या सिंधुदुर्गाजवळच्या छोट्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो. पाणी वळायच्या आत परत या, हे आपले वाक्य मुलांनी इतक्यांदा ऐकवले की आम्ही गरजेपेक्षा लवकरच परतलो.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एकीने जाण्याचा सल्ला आईसाठी होता. आत उन्हात चालणे बरेच आहे. त्यामुळे संपूर्ण तट फिरण्याचा हट्ट न धरता महाद्वार, शिवराजेश्वराचे देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी एवढेच तिला दाखवा आणि वडिलांना हवा तेवढा तट फिरू द्या, असे आपण सुचवले होते. १६६४ मध्ये पायाभरणी होऊन तीन वर्षांत समुद्रातल्या कुरटे बेटावर उभा राहिलेला किल्ला वडिलांनी तटावरून पाहिला, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावरचे गोडे पाणी आईने विहिरीच्या काठावर बसून पाहिले. कोणाला कमी पाहिल्यासारखे वाटले नाही.

राहण्याजेवण्याबाबत आपण दिलेल्या सूचना लहान होत्या, पण आमचे दिवस त्यांनीच सुखाचे केले. घरगुती खानावळीत किती माणसे जेवणार ते सकाळीच कळवावे, कारण तिथे बाजार आणि वाटण त्यावर ठरते. शाकाहारी माणसाने संकोच न करता काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी मागावी. आडगावी गेल्यास वस्तीच्या गाडीच्या भरवशावर परतीचा बेत आखू नये, कारण ती गाडी रात्री गावातच मुक्काम करते आणि सकाळीच निघते. ही शेवटची सूचना एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाशिवाय कोण देणार?

दहीकाल्याचे मात्र आम्हाला पूर्ण जमले नाही. दशावतार मध्यरात्रीच्या पुढे रंगतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हणून दुपारी झोप काढा, असे आपण बजावले होते. सुरुवातीचे विनोदी पात्र संकासुर येऊन गेला, मुलांनी हसून घेतले, आणि मुख्य आख्यान सुरू व्हायच्या सुमारास ती पेंगू लागली. वडील मात्र शेजारच्या गावकऱ्यांबरोबर शेवटपर्यंत बसले. संहिता हातात नसताना ऐन वेळी रचलेले ते संवाद ते अजूनही आम्हाला ऐकवतात.

परतीच्या दिवशी सकाळी आपण स्वतःहून फोन करून, घाटातल्या कामाची आणि वाहतुकीची चौकशी करून, कोणत्या रस्त्याने निघावे ते सांगितलेत. या सगळ्या खटाटोपाचा मोबदला विचारण्याचे धाडस मी एकदाच केले आणि आपण ज्या आवाजात नकार दिलात तो ऐकून पुन्हा विचारले नाही. पैसे नको, पण सोलापूरची शेंगाचटणी चालेल, असे आपण त्यानंतर म्हणाला होतात. आईने ती घरी उखळात कुटली आहे. या आठवड्यात माझा एक मित्र कामानिमित्त सावंतवाडीला येत आहे, त्याच्याबरोबर चटणी आणि कडक भाकरीचा डबा पाठवत आहे. काकूंना तिखट सोसत नाही असे आपण म्हणाला होतात, म्हणून त्यांच्यासाठी कमी तिखटाची पुडी वेगळी बांधली आहे. तिच्यावर आईने खूण केली आहे.

आपला कृतज्ञ,
सोलापूरचा एक प्रवासी