नळी काढतानाही घड्याळ पाहावे लागते

संपादक महोदय,

वेदनारहित प्रसूतीवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात 'एपिड्युरलमुळे मणक्यात रक्तस्राव होऊन पाय लुळे पडू शकतात' एवढे एकच वाक्य आहे, पुढे काही नाही. ते वाचून निरोगी बाई एपिड्युरल (कळा कमी करण्यासाठी कमरेतून मणक्याच्या पोकळीत बारीक नळी घालून दिलेली भूल) नाकारेल आणि जिला खरोखर धोका आहे, तिला मात्र काहीच कळणार नाही.

धोका आहे, पण अगदी विरळा. अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली निघालेला अंदाज प्रसूतीच्या सुमारे १,६८,००० एपिड्युरलमागे एक, असा आहे. (कंबर जन्मभर दुखते, ही आपल्याकडची जुनी भीती. तिला अभ्यासांत आधार सापडलेला नाही.)

गरोदरपणात गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. परतीचे रक्त मग मणक्याच्या पोकळीतल्या शिरांतून वाट काढते आणि त्या फुगतात. १६ किंवा १८ गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) सुई, किंवा तिच्यातून सरकवलेली बारीक नळी अशा शिरेला लागणे नवलाचे नाही. नळीत रक्त दिसले की ती थोडी मागे ओढतात किंवा काढून दुसऱ्या जागी घालतात. रक्त नीट गोठत असेल तर प्रकरण तिथेच मिटते. गोठत नसेल तर ते साठत जाते. चहूबाजूंनी हाड असल्याने त्याला पसरायला जागा नसते, मग पायांकडे आणि लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नसा चेपतात.

तेव्हा सुईआधी पाहायचे ते रक्त गोठते कसे, हे. एरवी प्रकृती ठीक असेल आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ७०,००० च्या वर असतील, तर बहुतेक भूलतज्ज्ञ एपिड्युरल देतात. पण एकच आकडा पाहून भागत नाही. तीव्र रक्तदाबाच्या रुग्णात, विशेषतः 'हेल्प' सिंड्रोममध्ये (गरोदरपणातल्या रक्तदाबाचे गंभीर रूप, यात यकृत आणि रक्तपेशी बिघडतात), प्लेटलेट काही तासांत कोसळतात. तिथे कालचा रिपोर्ट कामाचा नाही, सहा तासांच्या आतला हवा. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप असलेल्या गरोदर बाईलाही हेच लागू. उलटही घडते. रक्ताचा नमुना घ्यायच्या नेहमीच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र खोटाच कमी आकडा दाखवते. आकडा पटत नसेल तर रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा तपासावे.

दुसरी बाब पोटावर टोचायच्या, रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांची. एनॉक्सापॅरिनचा ४० मिलिग्रॅमचा रोजचा डोस असेल तर सुईआधी १२ तास जावे लागतात. वजनानुसार किलोमागे १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू असेल तर २४ तास. साध्या हेपॅरिनच्या ५,००० युनिटनंतर ४ ते ६ तास. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन एकटीच चालू असेल तर आड येत नाही. केसपेपरवर 'एनॉक्सा ४० ओडी' (ओडी म्हणजे दिवसातून एकदा) असते, पण शेवटचे इंजेक्शन काल रात्री नऊला दिले की आज पहाटे सहाला, हे नसते. नेमके तेच ठरवणारे असते. घरी इंजेक्शन घेणारीने प्रत्येक वेळी तास लिहून ठेवावा आणि कळा सुरू झाल्या की पुढचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

नळी काढणे हे सुई घालण्याइतकेच जोखमीचे, हे पुष्कळदा विसरले जाते. आत शिरेच्या जखमेवर धरलेली गुठळी ओढीने सुटून पुन्हा रक्त वाहू शकते. सिझेरियननंतर एनॉक्सापॅरिन सुरू करायचे असेल तर नळी काढून किमान ४ तास जावेत. नळी आत असतानाच ४० मिलिग्रॅम दिले गेले, तर १२ तास तिला हात लावू नये.

आता पाय. कळांसाठी हल्ली बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध ०.१ टक्के किंवा त्याहून सौम्य, सोबत फेंटानिल हे वेदनाशामक, असे देतात. एवढ्याशा औषधाने पाय पूर्ण लुळे पडत नाहीत, त्यामुळे पडले तर शंका घ्यायलाच हवी. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांची २०२० ची मार्गदर्शक सूचना सोपी आहे: शेवटच्या डोसनंतर ४ तासांनी बाळंतिणीला गुडघा न वाकवता पाय गादीवरून उचलायला सांगा. नाही उचलता आला तर भूलतज्ज्ञाला बोलवा. यात यंत्र लागत नाही, सिस्टर करू शकते. उतरलेली बधिरता परत येणे, एकच पाय जड राहणे, पाठीत नव्याने जोराची कळ, लघवी न समजणे, यातले काहीही 'भुलीचा असर आहे, उतरेल' म्हणून सकाळपर्यंत ढकलू नये.

अशा वेळी तातडीने एमआरआय करायचा आणि गुठळी दिसली तर मणक्याची कमान काढून दाब मोकळा करायचा. लक्षणे सुरू झाल्यापासून ८ ते १२ तासांच्या आत हे झाले तर पाय परत येण्याची आशा बरी असते. तालुक्याच्या गावी अडचण निराळीच. एमआरआय एका शहरात, न्यूरोसर्जन दुसऱ्या. एपिड्युरल देणाऱ्या प्रत्येक प्रसूतिगृहाने दोन्ही एका छताखाली असलेले जवळचे रुग्णालय आधीच हेरून त्याचा रात्रीचा फोन नंबर वॉर्डात लावून ठेवावा.

– प्रसूतिगृहांत भूल देणारे दोन डॉक्टर, सातारा