यांकी स्वॅप आणि आहेराची वही

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
२८ डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेलं अर्धं तुला ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावरून तू बाबांना भंडावून सोडतेस, म्हणून हे कागदावर. बाबा, मोठ्यानं वाचा. माशाचा भाग गाळायचा नाही.

इथं सव्वाचारला दिवस मावळतो. सिनेमातला पांढराशुभ्र बर्फ एकच दिवस टिकला, आता रस्त्यावर मीठ टाकून त्याचा राखाडी राडा झालाय. नाताळ नुकताच संपला. प्रत्येक घरापुढे चुरगाळलेल्या चकचकीत कागदांच्या पिशव्या आहेत. एवढा सुंदर कागद ही माणसं टराटरा फाडतात! मी गुपचूप तीन मोठे तुकडे इस्त्री करून ठेवलेत. रक्त तुझंच.

ऑफिसात या वेळी ‘यांकी स्वॅप’ होता. म्हणजे काय, तर प्रत्येकानं वीस डॉलरच्या आतली एक वस्तू गुंडाळून आणायची आणि टेबलावर ढीग करायचा. मग चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचा नंबर येईल त्यानं एक पुडकं सगळ्यांसमोर उघडायचं, आणि ते आवडलं नाही तर आधीच्या कुणाच्याही हातातली वस्तू सरळ मागून घ्यायची. होय आजी, दिलेली वस्तू काढून घ्यायची! हसत हसत. मला आधी छान मऊ लोकरी पांघरूण मिळालं होतं. मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसले असेन, तेवढ्यात हिशेब खात्यातल्या एकानं ते नेलं आणि बदल्यात माझ्या हातात प्लॅस्टिकचा मासा दिला. समोरून कुणी गेलं की तो मान वळवून गाणं म्हणतो. सध्या न्हाणीघराच्या दारावर आहे. रात्री उठलं की दचकायला होतं. तू पाठवलेल्या चहाच्या मसाल्याची बाटली आणि पितळी गाळणं मी ठेवलं होतं, ते मात्र तीनदा हिसकलं गेलं. मान ताठ झाली माझी.

वरच्या मजल्यावरच्या बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘ज्या मुलखात तू राहतेस तिथं नाताळ करणं गुन्हा होता, माहीत आहे का?’ मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. इंग्लंडहून आलेले प्युरिटन लोक इथं वसले, फार कडक धर्माचे. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही, मग सण कसला, असं त्यांचं म्हणणं. १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं कायदाच केला, की काम बंद ठेवून किंवा जेवणावळ घालून नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड. तो कायदा रद्द झाला १६८१ साली.

त्याच्याही आधीची गोष्ट तुला आवडेल. प्लिमथ इथून गाडीनं तासाभराच्या आत आहे. तिथला गव्हर्नर ब्रॅडफर्ड १६२१ च्या नाताळला सगळ्यांना कामाला हाकत होता. नवीन आलेले काही जण म्हणाले, आज काम करणं आमच्या मनाला पटत नाही. बरं, म्हणाला, नका करू. दुपारी परत येऊन बघतो तर हे रस्त्यात चेंडूफळी खेळतायत! त्यानं खेळाचं सामान काढून घेतलं आणि म्हणाला, बाकीचे राबत असताना तुम्ही खेळणं माझ्या मनाला पटत नाही. देव देव करायचा असेल तर घरात बसून करा. अगदी आपल्या अप्पाआजोबांसारखा.

पण नुसता धर्माचा प्रश्न नव्हता. तेव्हाचा नाताळ म्हणजे आपला शिमगा. गरीब पोरंटोरं, गडीमाणसं रात्री श्रीमंतांच्या दाराशी जाऊन गाणी म्हणत आणि खायला-प्यायला मागत. दिलं नाही तर शिव्या, कधी दगडही. ही पोस्तच की! म्हणजे देवाणघेवाण होती, पण ती वरून खाली, आणि तीही धाकानं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या सुखवस्तू लोकांनी सण रस्त्यावरून उचलून घरात नेला. दारावरच्या माणसाच्या जागी घरातलं मूल आलं. १८२३ साली ट्रॉय नावाच्या गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली, तिच्यात धुराड्यातून उतरून मोज्यांत खेळणी भरणारा सांता आणि त्याची आठ रेनडियर. पुढे यादवी युद्धात, १८६३ साली, थॉमस नास्ट नावाच्या चित्रकारानं हार्पर्स वीकली नावाच्या साप्ताहिकात त्याला सैनिकांच्या छावणीत भेटी वाटताना दाखवलं, अंगात अमेरिकी झेंड्याचा डगला. सरकारी सुट्टी १८७० ची, तीही सुरुवातीला राजधानीतल्या नोकरांपुरती.

मग दुकानं आली आणि तुझ्या ओळखीचा प्रकार सुरू झाला. त्यानं दिलं म्हणून मी, मी दिलं म्हणून ती. दुकानात राबणाऱ्या पोरींना साहेबाच्या भेटीसाठी पगारातून वर्गणी द्यावी लागे. त्याला कंटाळून १९१२ साली न्यूयॉर्कात बायकांनी चक्क निरुपयोगी भेटी रोखण्यासाठी एक संस्था काढली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा तिचे सभासद झाले. आपल्या लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात ना, त्याचा हा मोठा भाऊ. परिणामही तितकाच!

आताची सोय तर बघ. भेटीबरोबर एक पावती देतात, तिच्यावर किंमत नसते. आवडलं नाही तर दुकानात परत करून दुसरं घ्या. सव्वीस तारखेला दुकानात परत करणाऱ्यांचीच रांग लागते. मला आपलं कपाट आठवलं, ‘देण्याघेण्याच्या’ साड्यांचा खालचा खण. एक मोरपंखी साडी सहा वर्षांत चार घरं फिरून तुझ्याकडेच परत आली होती, आणि तू तिला ‘आलीस का गं माहेरी?’ म्हणाली होतीस. इथल्या लोकांना असं पुढं दिलेलं कळलं की ओशाळवाणं वाटतं. मला तरी पावतीपेक्षा ती साडी बरी वाटते.

एक अजून जमत नाही. दिलेली वस्तू देणाऱ्यासमोरच उघडायची आणि चेहरा फुलवायचा. माझा हात आपोआप ती बाजूला ठेवायला जातो. वरच्या बाईंना दिवाळीत फराळाचा डबा दिला होता, चकल्या आणि शंकरपाळे. चोवीस तारखेला त्या डबा घेऊन खाली आल्या. आत आल्याच्या बिस्किटांचा थर, वर स्वतः विणलेले निळे हातमोजे. ‘डबा रिकामा कसा द्यायचा?’ म्हणाल्या. कुणी शिकवलं त्यांना, देव जाणे. त्या बघत उभ्या होत्या म्हणून मी हातमोजे तिथंच घातले. डाव्याचा अंगठा जरा लांब झालाय.

तेव्हा आजी, तुझी आहेराची लाल वही काढ. वास्तुशांतीच्या पानानंतर जागा असेल. बाबा, अक्षर नीट काढा: ‘वरच्या मजल्यावरच्या बाई, क्विन्सी. लोकरी हातमोजे, जोड १. परतफेड बाकी.’ मासा लिहू नका.

आईस नमस्कार, चिनूस आशीर्वाद.

तुझी
मनू