तात्या, तुमची करवंटी अजून माझ्याकडेच आहे

तात्या, हे तुमच्यापुढे बोलायला गेले असते तर तुम्ही "ऱ्हवू दे गो बाय" म्हणत उठून गेला असता. म्हणून लिहिते.

गेल्या श्रावणात माझी कोकमाची 120 रोपं गादीवाफ्यावरून पिशव्यांत आली आणि आठवड्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, बी वाळलं की मेलं, त्यामुळे पुन्हा बी मिळायचं ते थेट पुढच्या वैशाखात. ज्या दुकानदाराने 'शुद्ध सेंद्रिय, जुनं शेणखत' म्हणून गोणी गळ्यात मारल्या, त्याला फोन केला. तो म्हणाला, पाऊस जास्त झाला असेल. वर चिमूटभर युरिया टाका म्हणाला! त्यात 46 टक्के नत्र, आणि माझी रोपं वीतभरसुद्धा नव्हती. दुसरे एक जाणकार फोटो पाहून "कोकम नाजूकच असतं" एवढं बोलले आणि गप्प झाले. सेंद्रिय आहे ना, मग त्याने काय होणार, हे तर मीही धरूनच चालले होते.

तुम्ही आलात, पिशव्यांकडे बघितलंतही नाही. पिशव्या भरून उरलेल्या खत-मातीच्या ढिगाशी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "हात घाल." कोपरापर्यंत घातला. आत चुलीच्या राखेसारखं गरम! मूठभर उपसलंत तर त्यात पांढरट, वाकडी, मुळं कुरतडणारी हुमणीची अळी. "शेण अजून शिजतंय. कुजलेलं खत थंड लागतं, मातीसारखं वास मारतं," एवढंच. "विचारायचं तरी होतंस" असं एकदाही नाही. चूक दाखवताना समोरच्याला लहान न करणारी माणसं मला आयुष्यात फार कमी भेटली. पदव्यावाल्यांत तर त्याहून कमी.

खताचं प्रमाण, निंबोळी पेंड, ते सगळं तुम्ही नंतर सांगितलंत, मी वहीत उतरवलं. पण मनात राहिलंय ते वेगळंच. निघताना तुम्ही मेलेल्या पिशव्यांतून एक रोप उपसलंत, नळाखाली मूळ धुतलंत. टोकं काळी, पण वर अजून पांढरं. पडवीतली करवंटी घेऊन तिला खिळ्याने भोक पाडलंत, नुसत्या लाल मातीत ते रोप बसवलंत आणि माझ्या हातात दिलंत. "ह्या एकाकडे बघ. बाकीच्यांचं मग बघू." त्या दिवशी मी सगळं उकिरड्यावर फेकायला निघाले होते, हे तुम्हाला कसं कळलं?

ते रोप आता मोठ्या पिशवीत आहे, गुडघ्याला लागतंय. नर निघतं की मादी, ते फुलं येईपर्यंत कळायचं नाही, म्हणजे अजून काही वर्षं. नर निघालं, फळ धरलं नाही, तरी तोडणार नाही. यंदाच्या रोपांचं खत मी आधी हुंगलं, मग भरलं. करवंटी घासून ठेवली आहे. गणपतीत घेऊन येते, तेव्हा उठून जाऊ नका.