चिखल रिकामा नसतो

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या पुणे पुरवणीत ‘पुणेकरांनी फुलवली खाडीत खारफुटी’ ही बातमी वाचली. ऐन मे महिन्यात पहाटे बस काढून ठाणे खाडीपर्यंत जायचे आणि गुडघाभर चिखलात उतरायचे, हा उत्साह वाखाणण्यासारखाच. प्रश्न आहे तो सोबतच्या छायाचित्राचा, कारण ते बातमीपेक्षा जास्त खरे बोलते. मागे तिवरांची (खारफुटीतलीच एक जात) हिरवी भिंत, पुढे पाण्यापर्यंत उघडा चिखल आणि त्या चिखलात ओळीने टोचलेली रोपे. झाडे जिथे आपसूक थांबली, त्याच्या पुढे लागवड सुरू झाली आहे. ती तिथेच का थांबली, हे ना लावणाऱ्यांनी विचारले, ना आपल्या बातमीदाराने.

खारफुटी समुद्रात नव्हे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढते, आणि त्यातही वरच्या अर्ध्या भागात: समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाचे पाणी जिथवर चढते तिथवर. त्याच्या खाली लावलेले रोप दिवसातले फार तास पाण्यात राहते. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळजवळ नसतो. ओहोटीला जी काय हवा मिळायची तीही या रोपांना मिळत नाही. वर खोडावर बार्नेकल हे कठीण कवचाचे जीव चढतात, त्यांच्या वजनाने रोप वाकते आणि लाटा त्याला आडवे करतात. इथे वीतभर उंचीनेही फरक पडतो. ती मोजायला उपग्रह लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, एक टोक जवळच्या वाढत्या झाडाच्या बुंध्याशी धरावे, दुसरे लागवडीच्या जागी. जागा बुंध्यापेक्षा खाली निघाली तर रोपे घेऊन परत यावे.

बातमीत त्या चिखलाला ‘ओसाड’ म्हटले आहे. त्या ओसाड जागेवर शेवाळाचा जो सूक्ष्म थर असतो, तोच चोच उलटी धरून गाळून खायला ‘लहान फ्लेमिंगो’ या जातीचे पक्षी येतात. चिखलातले किडे आणि शिंपले चिखल्या व तुतारी हे पक्षी टिपतात. निवट्या हे मासे त्यातच बिळे करतात, आणि शिवल्या वेचणाऱ्या कोळणींची चूल त्याच चिखलावर पेटते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तो नुसत्या झाडांसाठी नव्हे. लावलेली रोपे मेली तर श्रम वाया गेले. आणि समजा जगली, तर पाखरांचे ताट गेले. यात अभिनंदन कुणाचे करायचे?

आता रोपांविषयी. बातमीत ‘पांढरी चिप्पी’ असे लिहिले आहे. ती खारफुटीची जात २०२० पासून राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान्य आहे, त्यामुळे नाव भारदस्त वाटते. चित्रातली हिरवी काठी मात्र सरळसरळ कांदळाची, म्हणजे खारफुटीच्या वेगळ्याच जातीची आहे. जिथे तिथे कांदळच लावला जातो, कारण त्याची शेंग झाडावरच रुजून हातभर काठी होते; ती चिखलात खुपसली की लागवड झाली! पण काठी तयार झालेली हवी. वरच्या टोकाशी पिवळट कडे दिसले आणि हलक्या हाताने ओढताच सुटली, तरच ती घ्यावी. जाड, टोकदार बाजू खाली, साधारण तिसरा हिस्सा चिखलात, आणि दोन काठ्यांत दीड ते दोन मीटर अंतर. चित्रात हे अंतर वीतभर आहे आणि काही रोपांच्या बुडाशी काळ्या पिशव्या तशाच आहेत. पिशवीत मुळे गुंडाळली जातात, आणि पहिल्या मोठ्या भरतीला पिशवीसकट रोप तरंगत निघते. पावसाळ्याआधी कोणी तेवढ्या पिशव्या तरी काढल्या तर बरे.

लागवडीचा महिनाही चुकलाच. मे महिन्यात चिखलातला खारटपणा सर्वात जास्त असतो. पावसाचे गोडे पाणी तो उतरवते आणि त्याच सुमारास तिवरांच्या बिया पिकून पाण्यावर पडतात. त्या भरतीबरोबर तरंगत जातात, योग्य उंचीची जागा सापडली की टेकतात आणि रुजतात. हे काम झाडे फुकटात करतात, बस न काढता.

एखाद्या जागी ती करत नसतील, तर आधी त्याचे कारण शोधायला हवे. बहुतेक वेळा कोणीतरी बांध घातलेला असतो, रस्त्याखालची मोरी बुजलेली असते किंवा राडारोडा टाकून जमीन उंचावलेली असते. तसे असेल तर काम कुदळीचे आहे, रोपांचे नाही. राडारोडा काढून जमीन शेजारच्या झाडांच्या बुंध्याच्या पातळीपर्यंत खाली आणावी. बांध जुन्या ओहळांच्या वाटेवरच फोडावा. वळणे असली तर असू द्यावीत. मोरीचा तळ ओहळाच्या तळाशी जुळला पाहिजे. पाइप वर बसला तर उधाणाचे पाणी आत येते, पण ओहोटीला पूर्ण बाहेर जात नाही. तिवराची चिखलातून वर डोकावणारी, पेन्सिलीएवढी श्वसनमुळे आठवडेच्या आठवडे अशा साचलेल्या पाण्यात राहिली की मोठे झाडही गुदमरून मरते. मग आपल्याकडे ‘अज्ञात रोगाने तिवरे वाळली’ अशी बातमी येते. (याच श्वसनमुळांवरून बसभर माणसे परवा दोनदा चालत गेली असणार, एकदा जाताना आणि एकदा येताना.)

पाणी नीट खेळू लागले की एक-दोन पावसाळे थांबावे. आसपास बियांसाठी मोठी झाडेच नसली, तरच रोपवाटिका. तिवराच्या बिया रात्रभर खाडीच्या पाण्यात ठेवल्या की साल सुटते; मग त्या भोके पाडलेल्या, चिखल भरलेल्या पिशवीत लावाव्यात, आणि पिशव्या भरतीचे पाणी येऊन जाईल अशा वाफ्यात ठेवाव्यात. रोप साधारण फूटभर झाले की लावता येते, अर्थात पिशवी फाडून. हे सारे वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाच्या परवानगीने. त्यानंतर प्रत्येक उधाणानंतर जाऊन रोपांवर अडकलेले प्लास्टिक काढावे लागते, नाहीतर ओल्या पिशवीखाली पाने कुजतात. हे निदान दोन-तीन वर्षे चालते. त्याचे छायाचित्र फारसे देखणे येत नाही, हे मान्य. तरी लागवडीच्या आकड्याला आपण जेवढी जागा दिलीत, तेवढीच जागा तीन वर्षांनी जगलेल्या रोपांच्या मोजणीला द्यावी, ही विनंती.

जाता जाता: थंडीत याच पुरवणीत ‘भिगवणला फ्लेमिंगो दाखल’ म्हणून जे चित्र छापले होते, ते चित्रबलाकांचे होते. पिवळी, जाडजूड आणि टोकाशी किंचितच वाकलेली चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसे. फ्लेमिंगोची चोच मध्येच मोडल्यासारखी खाली वळते. दुरुस्ती छापलेली दिसली नाही.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे