तात्या, आधी विचारलंत म्हणून

तात्या,

सा. न. वि. वि. तोंडावर आभार मानले असते तर "गप रव गो" म्हणत तुम्ही चहा टाकायला आत गेला असतात. म्हणून लिहिते, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते.

चाळिशी उलटलेल्या बाईला कोलांटउडी शिकायची आहे म्हटल्यावर हसला नाही असा माणूस आख्ख्या मालवणात सापडणार नाही. हसलात तुम्हीही. पण हसून झाल्यावर पडवीत गाद्या टाकल्यात.

शाळेत आमच्या पीटीच्या मास्तरांची तऱ्हा न्यारी होती. ओणवं व्हायचं, टाळू टेकायची, की मागून धक्का. माझी मान अशी मुरगळली की आई रोज रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. मास्तरांचं म्हणणं, "नाटकं करते." पुढे मुंबईत एका जिमवाल्याने वय विचारलं आणि काही न बोलता झुंबाचं पत्रक हातात ठेवलं. त्या दोघांनाही हे कुणीतरी वाचून दाखवा.

तुम्ही आधी उडी मारूच दिली नाहीत. पाठ गोल करून नुसतं मागेपुढे डुलायला लावलंत. मग फळीला उतार देऊन त्यावर गादी. हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल, "ह्यो पडता नये." रुमाल जागेवर राहिला तर हनुवटी छातीला चिकटून राहते आणि अंग टाळूवरून न जाता खांद्यांच्या मागून फिरतं, मानेवर भार येत नाही. एवढी साधी गोष्ट त्या मास्तरांना ठाऊकच नव्हती की सांगायचा कंटाळा होता, देव जाणे.

पण सांगायचंय ते याहून लहान आहे. मी ओणवी झाले, तळवे टेकले आणि अंगाला कापरं भरलं. तुम्ही शेजारी गुडघा टेकून बसलात. उभी उमर मल्लखांबावर घासलेला तो हात माझ्या मानेपासून वीतभर अलीकडे थांबला. "मानेक हात लावू काय गो? नको म्हटलंस तरी चालात."

मी नको म्हटलं. तुम्ही हात मागे घेतलात आणि काही घडलंच नाही अशा थाटात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट लावलीत. गोष्ट संपली, माझा श्वास जागेवर आला, मग पुन्हा विचारलंत. मी होकार द्यायला लागले तरी तुमचं विचारणं काही सुटलं नाही.

आपल्याकडे माया असली की विचारायची गरज नाही असं धरून चालतात. लग्नापासून आजारपणापर्यंत आपलीच माणसं "तुझ्या भल्यासाठीच" म्हणत मागून ढकलतात. परक्याने ढकललं तर निदान भांडता तरी येतं! तुम्ही ना नात्याचे ना गोत्याचे, पण माझी मान माझी आहे हे मला पहिल्यांदा तुमच्या पडवीत कळलं.

चिवल्याच्या किनाऱ्यावर रील बघून उलट्या उड्या मारणाऱ्या पोरांवरही तुम्ही खेकसला नाहीत. भरतीच्या कडेची ओली वाळू पायाला मऊ लागते, मानेला मात्र ती जमीनच, हे त्यांना मुठीने ठोकून दाखवलंत. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं रिओ ऑलिंपिकमधलं पदक 2016 साली 0.150 गुणांनी हुकलं, ते त्यांना तोंडपाठ. "तीसुद्धा आधी लोळूकच शिकली असतली," म्हणालात, आणि ती पोरं मुकाट्याने तुमच्या गादीवर आली.

परवा मी लोळून हात न टेकता उभी राहिले. तुम्ही "हां" म्हणून पान लावायला घेतलंत. मी घरी जाऊन रडले, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मोठ्या गादीची खोळ एका कडेला उसवली आहे, पोरांबरोबर धाडून द्या, मशीनवर शिवून देते. आणि माझी लेकही यायचं म्हणते. चतुर्थीची गडबड सरल्यावर जमेल का, तेवढं कळवा.

तुमची,
खालच्या वाडीतली विद्यार्थिनी