मोठा प्लॅन घेण्याआधी अपलोडची रांग आवरा

महोदय,

आपल्या पुरवणीतील घरगुती सर्व्हरवरचा लेख वाचला. बॅकअप चालू असताना व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर मोठा प्लॅन घ्या, हा त्यातला सल्ला वाचकांना खर्चात पाडणारा आहे. दुखणे वेगाचे नाही, रांगेचे आहे.

केबल किंवा वायरलेस ब्रॉडबँडवर अपलोड बऱ्याचदा १०-२० एमबीपीएस मिळतो. सर्व्हर मात्र राउटरकडे गिगाबिटने डेटा ढकलतो आणि जास्तीचा डेटा मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तुंबतो. १० एमबीपीएसच्या लाइनवर १ एमबीचा बफर रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. कॉलचे प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, तेवढा वेळ बॅकअपच्या मागे खोळंबते. प्लॅन दुप्पट केला तरी बॅकअप तोही भरून टाकतो.

म्हणून रांग मोडेममध्ये लागू न देता आपल्या ताब्यातल्या यंत्रात लावावी. रात्री गर्दीच्या वेळी, वायफायवर नव्हे तर केबल जोडून, अपलोड दोन-तीनदा मोजा आणि सर्वांत कमी आकड्याच्या ९० टक्के मर्यादा ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर रांग आवरणारे एसक्यूएम पॅकेज टाकून बाहेरचा इंटरफेस (इंटरनेटकडची जोडणी) आणि 'केक' ही रांग लावण्याची पद्धत निवडा. १० एमबीपीएसच्या लाइनवर अपलोड ९०००, डाउनलोड ०. शून्य म्हणजे त्या दिशेला मर्यादा नाही. आकडे किलोबिटमध्ये असतात. ९००० ऐवजी ९ भरले तर इंटरनेट ठप्प. राउटरमधले हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट परस्पर चिपकडून पुढे पाठवणे) बंद करा, नाहीतर पॅकेट या रांगेला वळसा घालून जातात आणि सेटिंग असूनही फरक दिसत नाही.

केक लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ४.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याच्या मुळाशी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची २०१२ ची कोडेल पद्धत आहे: रांग किती लांब हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहायचे, आणि हा वेळ काही काळ ठरलेल्या मर्यादेच्या वरच राहिला तर पॅकेट टाकून द्यायचे. पॅकेट गळताना पाहून घाबरू नका. डेटा पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या टीसीपी या नियमावलीला 'हळू पाठव' हे कळते ते त्यामुळेच.

राउटर बदलता येत नसेल तर सर्व्हरवरच टीसी ही लिनक्सची वाहतूक-नियंत्रणाची आज्ञा वापरावी. फोटो परस्पर अपलोड करणाऱ्या मोबाइलला मात्र ती आवरू शकत नाही. बहुतेकांची गडबड होते ती इथेच. सर्व्हरच्या सगळ्याच वाहतुकीवर ९ एमबीपीएसची मर्यादा घातली की घरातल्या टीव्हीवर सर्व्हरवरचा सिनेमाही अडकतो. टीसीमधल्या एचटीबी या वेग वाटून देणाऱ्या पद्धतीत दोन वर्ग करा: घरच्या नेटवर्कला जवळजवळ पूर्ण गिगाबिट, इंटरनेटला ९ एमबीपीएस, आणि दुसऱ्याखाली एफक्यू-कोडेल, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारे कोडेल. डीफॉल्ट वर्ग इंटरनेटचाच हवा. तो दिलाच नाही, तर फिल्टरमध्ये न बसलेली पॅकेट विनामर्यादा सुटतात. फक्त आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या इंटरनेट पत्त्यांचे, फिल्टर लिहिले असतील तर घरातली आयपीव्ही६ (नव्या पत्त्यांची) वाहतूकही इंटरनेटच्या वर्गात पडते; तिला वेगळा फिल्टर द्या. शिवाय टीसीची सेटिंग रीबूटनंतर उडतात, ती सिस्टमडी सेवेत (सर्व्हर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांत) घालून ठेवा.

प्राधान्यक्रम त्यानंतर. एकेका कामाला वरचा दर्जा देत बसण्यापेक्षा फक्त बॅकअपला खालचा द्यावा, हे जास्त टिकते. बॅकअप स्वतंत्र युजरखाली चालवा आणि एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने त्या युजरच्या पॅकेटवर सीएस१ ही कमी प्राधान्याची खूण करा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी वेगवेगळ्या नियमांनी. राउटरवर केक 'डिफसर्व्ह४' मोडमध्ये (खुणेनुसार चार कप्पे करणाऱ्या) असेल तर ही पॅकेट सर्वांत खालच्या कप्प्यात जातात; लाइन मोकळी असली की त्यांना पूर्ण वेग मिळतोच.

तपासायला अपलोड चालू ठेवून पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहा, आणि 'टीसी' आज्ञेतील 'एस' पर्यायाने रांगेची आकडेवारी. अपलोड भरून चालला असूनही आपल्या रांगेत बॅकलॉग (थांबलेला डेटा) सतत शून्य दिसत असेल, तर रांग अजून मोडेममध्येच आहे. मर्यादा ५ टक्क्यांनी उतरवा, पुन्हा मोजा.

हे सगळे सॉफ्टवेअर फुकट आणि खुले आहे. ब्रॉडबँड कंपन्यांनी ते आपल्या राउटरमध्ये सुरू करूनच द्यावे; निदान ग्राहकाने मागितल्यावर ब्रिज मोड (कंपनीचे यंत्र नुसते मोडेम म्हणून चालवून आपला राउटर वापरण्याची सोय) तरी नाकारू नये. आणि आपल्या पुरवणीने यापुढे प्लॅनची तुलना छापताना अपलोडचा वेग आणि भरल्या लाइनवरचे पिंग हे दोन रकाने जरूर द्यावेत.

— एक नेटवर्क अभियंता, ठाणे