काउंटरपुरती तमिळ आधी शिक

देगलूर

चि. विशाल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणलास, "अण्णा, तिशी आली, आता नवी भाषा कुठं डोक्यात शिरायलीय? बदलीचा अर्जच टाकतो." आई शेजारीच होती म्हणून मी जास्त बोललो नाही. बदली हा शब्द ऐकला की ती लगेच तुझी खोली झाडायला घेते. म्हणून हे पत्र. अर्ज टाकायचा तर टाक. पण बदली हातात पडेपर्यंत तमिळनाडूतल्या त्या बँकेच्या काउंटरवर तूच बसणार आहेस आणि समोरचा माणूस तमिळच बोलणार आहे.

तू सहज सांगून गेलास ते मला जास्त खटकलं. पेन्शनच्या बाया आधी शिपायाला गाठतात, तो त्यांचं ऐकून तुला मोडक्या इंग्रजीत सांगतो आणि तू त्याच्याकडूनच उत्तर पाठवतोस. शिपाई भला माणूस असेल. पण कर्जाच्या कागदावर सही तुझी आणि बोलणं मात्र तिसऱ्याच्या तोंडून, हा व्यवहार धोक्याचा आहे. त्या बाईनं काय विचारलं आणि त्यातलं तुझ्यापर्यंत किती आलं, हे तुला कळायला मार्गच नाही.

वयाचं म्हणशील तर तुझ्या ताईला विचार. बी.एड.ला असताना तिनं वाचलेलं ती मला सांगत होती. इंग्रजी बोलणारी काही कुटुंबं हॉलंडमध्ये राहायला गेली होती, ती डच कशी शिकतात यावरचा अभ्यास १९७८ साली छापून आला. पहिल्या काही महिन्यांत मोठी माणसं आणि मोठी पोरं लहान लेकरांच्या पुढं होती. लेकरं पुढं निघतात ती नंतर, सावकाश, आणि उच्चारात तर निघतातच. म्हणजे सुरुवातीचे महिने मोठ्या माणसाच्या बाजूचे असतात आणि तू नेमके तेच वाया घालवायलास. तू ज्या वेल्लोरच्या जवळ बसून रडायलास, तिथल्याच तुरुंगात विनोबा दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. विनोबांची गोष्ट वेगळी असं तू म्हणशील. बरं, मग माझी, एसटी कंडक्टरची ऐक.

मी केजचा. देगलूर डेपोला आलो तेव्हा तिशी उलटली होती आणि तेलुगूतला एक शब्द येत नव्हता. ड्यूटी लागली बॉर्डरपलीकडच्या गाडीवर. मदनूर सोडलं की निम्मी गाडी तेलुगू बोलणारी. पाटी डोक्यावर घेतलेली एखादी म्हातारी मागच्या दारानं चढायची, पदराची गाठ सोडायची, नोट पुढं करायची आणि गावाचं नाव असं गिळून सांगायची की ते गावाचं नाव आहे हेसुद्धा कळू नये. मागं रांग तुंबलेली, पुढचा स्टॉप जवळ आलेला, ड्रायव्हर आरशातून बघायलेला. तिथं व्याकरणाचं पुस्तक उघडून बसायला कुणाला वेळ होता? मी आधी आकडे शिकलो. मग 'एक्कड दिगुतारु?' म्हणजे कुठं उतरणार. मग 'चिल्लर उंदा?', सुटे आहेत का. मग 'लोपलिकि जरगंडि', आत सरका. एवढ्या भांडवलावर माझी गाडी चालायला लागली. लोक हसायचे, पण हसता हसता बरोबर करून सांगायचे. मी तेच वाक्य पुढच्या स्टॉपला पुढच्या माणसावर मारायचो. रोज तीच चार वाक्यं शेकडो लोकांना म्हणायची. कुठल्या क्लासमध्ये एवढा सराव होतो सांग.

तुझं काउंटर म्हणजे माझी गाडीच आहे. माझ्या मते तू उलट्या बाजूनं सुरुवात केलीस. पैसे भरून ॲप घेतलंस आणि ते तुला 'सफरचंद लाल आहे' आणि 'मुलगा दूध पितो' शिकवायलं. बँकेत सफरचंद मागायला कोण येतंय? दोन दिवस कागद घेऊन बस आणि समोरचा माणूस काय काय विचारतो ते मराठीतच लिहून काढ. पैसे आले का, किती आहेत, पासबुक भरून द्या, हप्ता कधी, आधार जोडायचंय. वीस-पंचवीस वाक्यांच्या पुढं जाणार नाही बघ. त्याची तमिळ शिपायाकडून बोलून घे, मोबाईलमध्ये त्याच्या आवाजात भर. सुटे शब्द गोळा करू नकोस, अख्खं वाक्य घे. अख्ख्या वाक्यात शब्दांचा क्रम, प्रत्यय, चाल सगळं आपोआप येतं.

त्याच्याही आधी आकडे. तेलुगूतलं रेंडु म्हणजे दोन आणि आरु म्हणजे सहा तुझ्या कानावर लहानपणापासून आहे, बोलीतल्या तमिळमध्येही ते तसंच. शंभराला नूरु, हजाराला आयिरम्, लाखाला लट्चम्. नोटा मोजताना तोंडानं तमिळमध्ये मोज, रक्कम परत करताना मोठ्यानं सांग. चुकलास तर समोरचा लगेच दुरुस्त करील, पैशाच्या बाबतीत कोणी भिडेखातर गप्प बसत नाही.

पुढची चार वाक्यं स्वतःसाठी ठेव. 'पुरियल', कळलं नाही. 'मेदुवा सोल्लुंग', हळू सांगा. 'तिरुंब सोल्लुंग', परत सांगा. आणि 'तमिळ्ल सोल्लुंग', तमिळमध्येच सांगा. हे शेवटचं फार लागणार आहे. तू अडखळलास की समोरचा शिकलेला माणूस चांगुलपणानं इंग्रजीवर येतो आणि तुझं शिकणं तिथंच थांबतं. त्याला नम्रपणे परत तमिळवर आणायचं. 'कोंजम इरुंग', जरा थांबा, हेही घे. 'नाळैक्कु वांग', उद्या या, हे मात्र सगळ्यात शेवटी शिक. बँकवाल्यांना ते न शिकवता येतं.

आता तुझी तक्रार, की पुस्तकात एक आणि कानावर भलतंच. ती खरी आहे आणि हे आधीच कुणीतरी तुला सांगायला पाहिजे होतं. तमिळची लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत भरपूर अंतर आहे. 'आहे'ला पुस्तकात 'इरुक्किरदु' लिहितात आणि माणूस म्हणतो 'इरुक्कु'. 'ते आले'ला पुस्तकात 'वंदार्गळ' आणि तोंडात 'वंदांग'. आता आपलंच बघ. शाळेच्या पुस्तकात 'तू काय करीत आहेस?' आणि आपण आयुष्यभर म्हणत आलो 'काय करायलास?' एखाद्या तमिळ माणसानं पुस्तकावरून मराठी शिकून देगलूरच्या आठवडी बाजारात उभं राहावं, तशी तुझी गत झालीय. म्हणून पहिले काही महिने बोलायची तमिळच धर. लिहायची नंतर घे. ती बातम्यांना आणि सरकारी कागदाला लागेलच.

लिपी मात्र आत्ताच शीक, टाळू नकोस. तू वहीत देवनागरीत उतरवून घेतोस ना, त्यानंच घोटाळा होतोय. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. कुठं क म्हणायचं आणि कुठं ग, हे त्या अक्षराच्या जागेवरून ठरतं. स्वर बारा, व्यंजनं अठरा, आणि आय्दम म्हणून एक वेगळं अक्षर. आपल्या बाराखडीपेक्षा कमीच आहे. यासाठी पुस्तक नको, बसस्टँडवर जा. एसटीतला माणूस हेच सांगणार म्हणून हसू नकोस. पाटीवर गावाचं नाव असतं, ते नाव तुला आधीच माहीत असतं, त्यामुळं कुठलं अक्षर कशाचं हे डोळा आपणच जुळवतो. रोज संध्याकाळी चहा पिता पिता पाट्या वाच. महिन्याभरात दुकानाच्या पाट्याही वाचायला लागशील.

आणि एक गोष्ट तू ध्यानात घेतलेली दिसत नाही. हिंदी पट्ट्यातल्या तुझ्या मित्रांपेक्षा तुझं काम सोपं आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, ते हिंदीतही असतं म्हण. आपण 'घराला', 'घरात' म्हणतो तसे तेही नावाच्या शेपटीला प्रत्यय लावतात, '-ला'च्या जागी '-क्कु' आणि '-त'च्या जागी '-ल'. आपल्याकडं 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यात ऐकणाऱ्याला धरायचं की वगळायचं हा फरक आहे ना, तो तमिळमध्येही आहे, 'नाम' आणि 'नांगळ'. हिंदीवाल्याला तो बसून समजवावा लागतो, तुला दुधाबरोबर मिळालाय. ळ तर आपला घरचाच. त्यांचा तो दुसरा, तमिळ या नावाच्याच शेवटी येणारा, थोडा अवघड आहे. जीभ मागं वळवायची पण टाळूला टेकू द्यायची नाही. लगेच जमला नाही तरी अडत नाही. तिथलीसुद्धा बरीच माणसं बोलताना साधा ळच म्हणतात असं ऐकतो.

मोठ्या माणसाला बोलताना शेवटचा 'ंग' कधी विसरू नकोस. 'वा' म्हणजे ये, 'वांग' म्हणजे या. हा प्रत्यय चुकला तर बाकीचं वाक्य कितीही शुद्ध असो, त्या म्हातारीच्या मनातून तू उतरलास. शिपायाला नावानं हाक मारू नकोस, अण्णा म्हण. तिकडं मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात, म्हणजे मला घरी घाबरतोस तसं त्यालाही जरा घाबरशील.

पाठ कसं राहायचं, याचं उत्तरही ताईकडचंच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि एक-दोन दिवसांत. मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून रविवारी तीन तास रट्टा मारण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. वही नुसती परत परत वाचलीस तर सगळं ओळखीचं वाटतं आणि काउंटरवर जीभ अडते. पान झाकून आठवायचं. आठवताना त्रास होतो, त्या त्रासानंच ते बसतं. ताई पोरांकडून चिठ्ठ्या करून घेते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, ती दोन-चार दिवसांनी परत काढायची. चुकलं तर पहिल्या खोक्यात, उद्या परत. ही खोक्यांची पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची आहे म्हणे. मोबाईलमधली ॲपंही आता तेच करतात, पण मोबाईल उघडलास की तू दुसरीकडंच जातोस, हे मी घरी बघितलंय. तू चिठ्ठ्याच कर.

ऐकण्यासाठी पिक्चर लावून झोपू नकोस, त्यानं फक्त झोप चांगली लागते. शिपायाच्या आवाजातलं दोन मिनिटांचं बोलणं घे, तेच तेच ऐक आणि त्याच्या मागोमाग त्याच चालीत म्हणत जा. अर्थ नंतर बघ. आपण आरती अशीच शिकलो, अर्थ मला अजून निम्म्या ओळींचा येत नाही.

इकडं कुणाला दोन-तीन भाषा आल्या तर त्याचं कौतुक होत नाही, कारण सगळ्यांनाच येतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत चालायची, घरात मराठी, बाजारात तेलुगू नाहीतर कानडी. तुझ्या आजोबांना उर्दू लिहिता यायची ती हौसेनं शिकले म्हणून नाही, तिच्यावाचून कचेरीत कागद हलत नव्हता. देगलूरच्या अडतीवर आजही एकच हमाल तीन भाषांत भांडतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हे अवघड आहे.

एवढं मात्र कर. शाखेत सगळ्यांना सांगून टाक की सकाळचा पहिला तास तू तमिळच बोलणार, काय व्हायचं ते होवो. चुका दुरुस्त करायला एकच माणूस नेम. सगळेच दुरुस्त करायला लागले की माणूस बोलायचाच थांबतो. चहावाल्याशी आणि त्याच्या पोराशी बोलत जा. पोरं भीड ठेवत नाहीत आणि तेच वाक्य दहादा सांगायला कंटाळत नाहीत.

संक्रांतीला चार दिवसांची रजा टाकून येतो म्हणलास. येऊ नकोस. त्याच दिवसांत तिकडं पोंगल असतो आणि दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल, म्हणजे त्यांचा पोळाच. बैल-गाई धुतात, शिंगं रंगवतात. शिपाई त्याच्या गावी बोलवायलाय म्हणलास ना, तिथं जा. बँकेत तुला खात्यापुरतीच तमिळ ऐकायला मिळणार, गोठ्यात बाकीची मिळेल. जाताना त्याच्या घरी तिळाचे लाडू ने, मी देगलूरहून कुरिअरनं पाठवतो. आईला मी समजावतो, तू फक्त तिला आधी फोन करून ठेव.

तुझा,
अण्णा